बिनगळाचा मासेमार

मी शुद्ध शाकाहारी आहे, असं जर्मनीतल्या नेकार नदीजवळच्या एका गावातली तीस-चाळीस माणसं आजही छातीठोकपणे सांगतील. माझा जन्म मालवणचा. आमच्या घरी सोमवार आणि संकष्टी सोडून ताटात मासा दिसला नाही, तर वडील आईला "बरां नाय काय तुका?" असं काळजीनं विचारायचे. त्यामुळे ही अफवा उठली कशी, हे आमच्या नातेवाइकांना कळत नाही. पण ती अफवा नाही. मी स्वतः, नऊ साक्षीदारांसमोर, शुद्ध जर्मनमध्ये तसं सांगितलेलं आहे. आणि ज्यांच्यापायी मला ते सांगावं लागलं, ते गृहस्थ खरोखरच शाकाहारी होते आणि मी पाहिलेले सर्वांत चिवट मासेमार होते.

त्यांना आम्ही काका म्हणायचो. मी दोन हजार तीन साली बायकोसह स्टुटगार्टजवळ नोकरीला आलो, तेव्हा काका त्याच कंपनीत वीस वर्षं स्प्रिंगा डिझाइन करत होते. मूळचे पुण्याचे. अंगानं काटकुळे, मिशी बारीक, आणि शनिवारी अंगात चौदा खिशांचं हिरवं जाकीट. त्यातल्या पहिल्या खिशात बाकीच्या तेरा खिशांत काय काय आहे त्याची यादी असायची. ते सगळ्यांना अहो-जाहो करत. शेजारच्या तीन वर्षांच्या पोरीला, ट्रामच्या मशीनला आणि पाण्यातल्या माशालासुद्धा.

आमची ओळख कँटीनमध्ये झाली. जर्मनीत शुक्रवारी कँटीनला मासे असतात. म्हणजे ते तसं म्हणतात. पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेला, काटा नाही, डोकं नाही, चव नाही असा एक चौकोन ताटात घेऊन मी त्याच्याकडे बघत बसलो होतो. समोर डबा उघडून पोळी-भाजी खाणारे काका म्हणाले, "चेहऱ्यावरून कोकणातले दिसता."

"मालवण."

"आल्झो, म्हणजे मग मासे हा तुमचा विषय. शनिवारी सकाळी साडेपाचला खाली उभे राहा. गाडी आणतो. माशांकडे जायचंय."

मी घरी जाऊन ही बातमी दिली तेव्हा बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. चार महिने झाले होते आम्हाला ताजा मासा बघून. तिनं एका डबीत हळद-मीठ-तिखट कालवून दिलं, दुसऱ्या डबीत रवा दिला, तेलाची बाटली दिली, छोटा तवा दिला आणि एक लिंबू दिलं. "एक तिथेच खा, बाकीचे घरी आणा," असं बजावूनही सांगितलं.

तळं म्हणजे खडी काढून काढून झालेला मोठा खड्डा आणि त्यात साठलेलं हिरवंगार पाणी. भोवती झाडं, काठाला एक लाकडी झोपडी, आणि ते सगळं गावच्या मासेमारी क्लबच्या मालकीचं. काकांनी डबा उघडला. आत कप्प्याकप्प्यांत रंगवलेले लाकडी मासे निजवले होते. कुणाच्या पाठीवर हिरवे पट्टे, कुणाला लाल पोट. सगळे त्यांनी स्वतः कोरलेले. प्रत्येकाच्या पोटावर बारीक अक्षरात नंबर, आणि नंबराशिवाय नावंही होती. एकाचं नाव आत्या, कारण ती जाईल तिथलं पाणी ढवळून येई. दुसरा मेहुणा, तो तळाशी जाऊन बसायचा आणि काही केल्या उठायचा नाही. तिसरा मॅनेजर. तो वरच्यावर तरंगत खूप आवाज करी, पण खोलात म्हणून जात नसे.

काकांनी आत्याला दोरीला बांधून लांब फेकलं आणि थांबत थांबत, झटके देत ओढायला सुरुवात केली. तिसऱ्याच फेकीला पाणी फुटलं. हिरव्या पाण्यातून हातभर लांबीचं काहीतरी उसळलं, काठी वाकली, काका पुटपुटले, "या, या, बसा." मग दोरी सैल पडली. काकांनी शांतपणे खिशातून वही काढून काहीतरी लिहिलं.

असं नऊ वाजेपर्यंत पाच वेळा झालं. मी हळद-मिठाची डबी उघडून बंद करत होतो. पाचव्या वेळी मला राहवेना. "काका, जरा जोरात ओढा ना! गळ लागत नाहीये तुमचा."

"गळ नाहीच आहे."

"पडला?"

"पडला नाही. लावलाच नाही."

मी आत्याला हातात घेऊन उलटसुलट केलं. खरंच नव्हता. डब्यातल्या एकाही माशाला नव्हता. "पण का?"

काका माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मीच काहीतरी विचित्र विचारलंय. "लागेल ना त्याला," ते म्हणाले.

तेवढ्यात मागून पावलं वाजली. क्लबचे अध्यक्ष होते. सत्तरीचे, उंच, पूर्वी ट्रामवर तिकीट तपासनीस. निवृत्त झाल्यावर त्यांनी तळं तपासायला घेतलं होतं. त्यांनी काकांचं परवानापत्र उजेडात धरून पाहिलं, मग एका हातात तवा आणि दुसऱ्या हातात लिंबू घेऊन उभा असलेल्या माझ्याकडे पाहिलं.

"लिंबू माशासाठी?" त्यांनी विचारलं. जर्मनमध्ये 'हो'ला 'जा' म्हणतात.

"जा," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"आशावादी माणूस," अध्यक्ष काकांना म्हणाले आणि पुढे गेले. ते लिंबू मी घरी परत आणलं. बायकोनं त्याचं सरबत केलं आणि दोन दिवस माझ्याशी तुटक बोलली.

हे खूळ काकांना अमेरिकेत लागलं होतं. कंपनीनं त्यांना सहा महिने तिकडे पाठवलं असताना तिथल्या एका सहकाऱ्यानं त्यांना होडीत घालून नेलं. तिकडे बास नावाचा मासा असतो म्हणे. भलत्याच तापट स्वभावाचा. रबरी गांडूळ असो, प्लॅस्टिकचा बेडूक असो, समोर नाचवला की चिडून तुटून पडतो. मग त्याला पकडायचं, फोटो काढायचा आणि परत पाण्यात सोडायचं. काका भारावून गेले. "आपण एक खोटी वस्तू बनवतो आणि खरा मासा तिला मान्यता देतो, अहो, याहून मोठं सर्टिफिकेट काय असतं?" स्प्रिंगा बनवून त्यांना असं सर्टिफिकेट वीस वर्षांत मिळालं नव्हतं.

परत आल्यावर त्यांना कळलं की जर्मनीत भानगड वेगळी आहे. इथे मजेसाठी मासा पकडून सोडून देणं हा गुन्हा. जनावराला विनाकारण त्रास द्यायचा नाही. पकडलात तर मारा आणि खा, खायचा नसेल तर पकडू नका. दुसरा कुणी असता तर कायद्याला शिव्या देत घरी बसला असता, नाहीतर चोरून सोडत राहिला असता. काका म्हणाले, "बरोबरच आहे त्यांचं." आणि पक्कड घेऊन त्यांनी अमेरिकेहून आणलेल्या झाडून सगळ्या आमिषांचे गळ उपटून टाकले.

त्याआधी परीक्षाही दिली होती त्यांनी. इथे मासे पकडायला लेखी परीक्षा असते आणि तिच्याआधी कित्येक शनिवार-रविवार वर्ग भरतो. माशाचे पर, माशाचे रोग, मासा कसा मारायचा. काकांची एक चूक झाली नाही. त्या नियमांप्रमाणे प्रत्येकानं जवळ एक आखूड दंडुका बाळगायचा असतो, पकडलेल्या माशाच्या डोक्यात घालण्यासाठी. काकांनी तो विकत आणला आणि सातव्या खिशात ठेवला. त्याच्यावरचं दुकानाचं लेबल कधी निघालं नाही. आठवडाभर तो काकूंकडे असायचा. त्या त्यानं सुंठ ठेचायच्या. शनिवारी सकाळी काका तो पुसून परत खिशात घालत. त्यामुळे तळ्यावर त्यांच्या आसपास सुंठीचा वास यायचा.

काकूंबद्दल सांगायला हवं. काकू सोवळ्याओवळ्याच्या नव्हत्या, पण घरात माशाचा वास आलेला त्यांना चालत नसे. तो कधी येणारच नव्हता, हा भाग वेगळा. त्यांचं भांडण दुसरंच होतं. काका नव्या माशाची चाचणी बाथटबमध्ये घेत. रविवारी सकाळी टब काठोकाठ भरायचा, काका गुडघ्यांवर बसायचे आणि मेहुण्याला या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढायचे. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी घरमालकाला लेखी कळवलं की, वर कुणीतरी रविवारच्या शांततेच्या वेळेत पोहतं. घरमालक चौकशीला आले. काकांनी त्यांना बाथरूममध्ये नेऊन सगळं दाखवलं. घरमालक अर्धा तास आतून बाहेर आले नाहीत. काकू मला म्हणाल्या, "बघ रे, आता दोघं झाले. मी आंघोळ कधी करायची?"

पण खरी ठिणगी पडली ती पळीवरून. एके दिवशी काकूंच्या पूजेची तांब्याची पळी दिसेना. काकू शोधून थकल्या. पुढच्या शनिवारी मला ती तळ्यावर दिसली. दांडा कापलेला, दोन टोकांना भोकं पाडलेली, दोरीच्या टोकाला गिरक्या घेत चमचमत येत होती. काका खुशीत होते. "काय लखलखतेय बघा! या वक्रतेचा चमचा जर्मनीत मिळत नाही."

"काकूंना कळलं तर?"

"सांगणार आहे. आधी डेटा येऊ द्या."

डेटा उत्तम आला. काकूंना सांगितल्यावर त्या आठ दिवस बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "निदान त्या मेल्यांच्या तोंडात काही पवित्र तरी गेलं," आणि भारतातून नवी पळी मागवली. ती त्या कुलपात ठेवत.

मी का जात राहिलो, असं बायको विचारायची. मासा तर मिळणार नाही हे पहिल्याच दिवशी कळलं होतं. काकूंची थालिपिठं हे एक कारण. दुसरं कारण सांगायला जरा संकोच वाटतो. मी नवीन होतो, भाषा अर्धवट येत होती, ऑफिसात सोमवार ते शुक्रवार माझ्याशी कामाशिवाय कुणी बोलत नसे. शनिवारी काका सहा तास बोलत. तेही बरंचसं माशांशीच, पण मराठीत. मला तेवढं पुरायचं.

शिवाय त्यांची ती वही वाचायला मिळायची. तारीख, पाण्याचं तापमान, आमिषाचा नंबर, मासा किती सेकंद धरून होता आणि शेवटी शेरा. शेरे तीनच होते. "खात्री पटून सोडला." "रागावून सोडला." "लाजून सोडला." लाजलेला मासा कसा ओळखायचा, हे मी चार वर्षांत शिकू शकलो नाही.

घोटाळा झाला तो दुसऱ्या एका कागदामुळे. क्लबच्या प्रत्येक सभासदाला वर्षाअखेरी यादी द्यावी लागते, कुठल्या दिवशी किती मासे पकडले त्याची. बाकीचे लोक आठवेल तसं भरत. काका प्रत्येक शनिवारची तारीख घालून पुढे सुरेख अक्षरात शून्य लिहीत. चार वर्षं शून्य. आता गंमत अशी की, तोपर्यंत काकांच्या लाकडी माशांचं क्लबात नाव झालं होतं. लोक ते मागून नेत, काकांनी आपले गळ काढून ठेवले असावेत असं समजून त्यांना स्वतःचे गळ लावत आणि भरभरून मासे काढत. मग ज्याच्या माशांवर सगळा गाव पोसतोय, त्याला स्वतःला चार वर्षांत एक मासा लागत नाही? त्यात क्लबमध्ये एक दुर्बीणवाले गृहस्थ होते. पक्षी बघायला म्हणून ते दुर्बीण आणत आणि माणसं बघत. त्यांनी कळवलं की, यांच्या काठीला मोठे मासे लागतात आणि परत पाण्यात जातात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणजे एक तर हा माणूस मासे लपवून नेतो, नाही तर बेकायदा सोडतो.

सप्टेंबरात क्लबचं पत्र आलं. खुलाशासाठी हजर राहा. खुलासा पटला नाही तर सभासदत्व रद्द आणि सरकारी कचेरीत तक्रार. म्हणजे परवानाही जाणार.

काका त्या शनिवारी आलेच नाहीत. मी घरी गेलो तर ते बाल्कनीत एका लाकडाला नुसतंच पॉलिश पेपरनं घासत बसले होते. काकूंनी मला स्वयंपाकघरात ओढलं.

"अरे, ह्यांना ऑफिसात चोवीस वर्षं झाली. सगळे 'हेर', म्हणजे श्रीयुत, लावून आडनावानं बोलावतात. तेही धड उच्चारत नाहीत. त्या तळ्यावर पहिल्यांदा कुणी ह्यांना नावानं हाक मारली. त्या दिवशी घरी येऊन मला तीनदा सांगितलं ह्यांनी. आणि आता हे पत्र बघ. परत 'हेर' आणि आडनाव. चार वर्षांत रिटायर होतील. लेक कॅनडात. ते तळं गेलं तर हे करतील काय रे, टबात मासे ओढत बसतील?" काकूंचा आवाज भरून आला होता. पळी गेली तेव्हासुद्धा तसा आला नव्हता.

मला दुर्बीणवाल्याचा फार राग आला. मी बाल्कनीत जाऊन म्हणालो, "काका, खरं सांगून टाका ना, गळ लावत नाही म्हणून."

"विश्वास बसेल का त्यांचा?" काका म्हणाले. मग एकदम सरळ बसले. "डेमो द्यावा लागेल. नवीन पीस करतो. नंबर एकसष्ट."

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी सकाळी दहाला आम्ही झोपडीत हजर झालो. लांब टेबलापलीकडे अध्यक्ष आणि समितीचे आठ जण, त्यांत दुर्बीणवालेही. समोर जाडजूड फाइल. काकांनी टाय लावला होता, त्यावर चौदा खिशांचं जाकीट. मी साक्षीदार.

काकांनी डबा उघडून टेबलावर ठेवला. आठही जण पुढे वाकले. आत्या हातोहात फिरली. मॅनेजर फिरला. पळीही फिरली.

"गळ कुठे आहेत?" अध्यक्षांनी विचारलं.

"नाहीत. कधीच नव्हते." काकांनी वही पुढे सरकवली. शेऱ्यांचं जर्मन भाषांतर त्यांनी रात्री बसून समासात लिहून काढलं होतं. अध्यक्षांनी 'लाजून सोडला' दोनदा वाचलं.

"बिनगळाची मासेमारी ही मासेमारीच नव्हे," दुर्बीणवाले म्हणाले. "मग हा माणूस चार वर्षं इथे करतो काय?"

"भेटायला येतो," काका म्हणाले.

अध्यक्षांनी फाइल उघडली. बोटाला थुंकी लावत पानं उलटली. "एका काठीला जास्तीत जास्त तीन गळ," त्यांनी वाचलं.

"आणि कमीत कमी?"

बराच वेळ पानं उलटण्याचा आवाज येत राहिला. "कमीत कमी लिहिलेलं नाही."

"गेनाऊ, अगदी बरोबर," काका म्हणाले. "अपर लिमिट दिलंय, लोअर लिमिट ओपन आहे." मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

पण दुर्बीणवाले हटेनात. मासा काही मूर्ख नसतो, गळ नसलेल्या लाकडाला तो पुन्हा पुन्हा धरणार नाही, दाखवा करून. म्हणून सगळे काठावर आले. काकांनी एकसष्ट नंबर काढला. काय देखणा झाला होता! पाठ काळसर हिरवी, पोट चांदीचं. फक्त हात लावला तेव्हा तो मला किंचित चिकट लागला. काकांचा नियम होता, पाच दिवस वॉर्निश वाळल्याशिवाय मासा पाण्यात नाही. हा आदल्या दिवशीच रंगवून झाला होता. घाई काय असते हे ज्या माणसाला माहीत नव्हतं, त्यानं आयुष्यात पहिल्यांदा घाई केली होती.

चौथ्या फेकीला पाणी फुटलं. काठी वाकली. "या, या," काका म्हणाले आणि समितीकडे वळून अभिमानानं बोट उचललं, आता बघा, सोडेल. एक सेकंद. तीन सेकंद. सात. काठी वाकलेलीच.

हेश्ट होता तो, इथल्या गोड्या पाण्यातला शिकारी मासा. सुसरीसारखं लांब तोंड आणि त्यात आत वळलेले सुयांसारखे दात. एरवी ते दात कडक वॉर्निशवरून घसरायचे. आज ते ओलसर वॉर्निशमधून लाकडात खोलवर रुतले होते.

"सोडा," काका मराठीत म्हणाले. "अहो, सोडा." दोरी हलवली. मासा येतच राहिला. "सोडा ना!" काकांचा चेहरा पांढरा पडला. "सोड! अरे सोड ना गाढवा!" काकांना कुणाला अरे-तुरे करताना मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

अध्यक्षांनी सवयीनं जाळं पुढे केलं आणि मासा त्यात आला. जाळं पाण्यातच धरून त्यांनी टेप लावली. चौऱ्याऐंशी सेंटिमीटर. कुणीतरी शीळ घातली. मालवण सोडल्यापासून इतका सुंदर मासा मी पाहिला नव्हता. त्याच्या पाठीच्या जाड तुकड्या मला दिसायला लागल्या. हळद, मीठ, रवा. डोक्याचं कालवण वेगळं.

"हा आता पकडलेला मासा आहे," अध्यक्ष म्हणाले. "गळानं पकडा नाहीतर हातानं. मापात बसतो. सोडता येत नाही."

काकांनी सातव्या खिशातून दंडुका काढला. लेबल तसंच होतं. त्यांनी तो एकदा उचलला, खाली घेतला आणि ते लेबल नखानं खरवडत राहिले. सोडलं तर नऊ लोकांसमोर गुन्हा, आणि तळं कायमचं बंद. मारायचं तर आयुष्यात ज्यांनी मुंगीवर पाय दिला नाही त्यांनी मारायचं. ते माझ्याकडे बघत नव्हते. ते माशाकडे बघत होते, आणि मासा त्यांच्याकडे.

"मात्र," अध्यक्ष सावकाश म्हणाले, "मारायलाही योग्य कारण लागतं. कारण म्हणजे खाणं. तुम्ही खाल?"

"नाही. शाकाहारी."

"पत्नी?"

"तीही."

"मी नेतो की," दुर्बीणवाले पुढे झाले.

"एका सभासदाचा मासा दुसऱ्यानं न्यायचा नाही. नियम अकरा," अध्यक्ष त्यांच्याकडे न बघता म्हणाले. मग त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "हे सभासद नाहीत. हे नेऊ शकतात. तुम्ही मासे खाता?"

सगळे माझ्याकडे वळले. चार वर्षं. चार वर्षं मी त्या काठावर बसून बिनगळाचे लाकडी मासे पाण्यातून येताना पाहिले होते. खरं बोललो असतो तर कायदा पाळला गेला असता, काकांचा परवाना राहिला असता आणि रात्री आमच्याकडे मेजवानी झाली असती. फक्त काकांना तो दंडुका चालवावा लागला असता. आणि त्यानंतर ते तळ्यावर पुन्हा कधी आले नसते, हे मला त्यांच्या हाताकडे बघून कळत होतं.

"नाही," मी म्हणालो. "मीसुद्धा शाकाहारी. आमच्या घरात तीन पिढ्या कुणी मासा शिवलेला नाही." आजोबा आठवले.

अध्यक्ष माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. विनातिकीट प्रवाशाकडे बघतात तसे. मग म्हणाले, "गुट, ठीक. योग्य उपयोग नाही. मारता येत नाही." त्यांनी स्वतः पक्कड घेऊन लाकूड सोडवलं आणि जाळं उलटं केलं. मासा क्षणभर तिथेच थांबला आणि मग खाली हिरव्या पाण्यात गेला.

झोपडीत परतताना अध्यक्षांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांना नावानं हाक मारून विचारलं, कॉफी घेणार का? काका नुसतीच मान हलवत राहिले. नंबर एकसष्ट दातांच्या खुणांसकट झोपडीच्या भिंतीवर लागला. वहीत त्या दिवसाचा शेरा काकांनी कोराच ठेवला.

माझी शिक्षा मात्र त्या दिवसापासून सुरू झाली. दर ऑगस्टमध्ये क्लबची जत्रा असते. बीच नावाच्या झाडाच्या लाकडाच्या धुरावर ट्राउट मासे शेकतात, सोनेरी होतात, वास तीन गल्ल्यांपलीकडे जातो. काकांबरोबर मलाही अगत्याचं बोलावणं असे. आणि समोर ताट यायचं बटाट्याच्या सॅलडचं. "खास तुमच्यासाठी, बेकनशिवाय!" असं सांगून क्लबच्या बायका आग्रहानं दुसऱ्यांदा वाढत. दुर्बीणवाले समोर बसून काटे चोखायचे आणि माझ्याकडे लक्ष ठेवायचे.

पहिल्या जत्रेच्या दिवशी मी जड मनानं घरी निघालो. काकांनी मला सोडलं. उतरताना मागच्या सीटवरून माझं जाकीट उचललं, तर त्याखाली वर्तमानपत्रात बांधलेलं गरम पुडकं होतं. मी काकांकडे पाहिलं. ते आरशात मिशी बघत होते. "तुमचंच असेल, न्या," ते म्हणाले. काकू पुढच्या सीटवर नाकाला पदर लावून खिडकीबाहेर बघत होत्या.

मागाहून मला कळलं की, काका दर जत्रेत ट्राउटच्या रांगेत उभे राहत. हातावर प्लॅस्टिकची पिशवी चढवून, तोंड दुसरीकडे करून, दोन मासे घेत. कुणी विचारलं तर सांगत, "मांजरासाठी." त्यांच्याकडे मांजर नव्हतं. या विषयावर ते माझ्याशी कधी एक अक्षर बोलले नाहीत, मीही बोललो नाही. पण आमच्या घरी ऑगस्टातला तो रविवार दिवाळीसारखा जायचा.

काका निवृत्त झाले आणि दोघंही पुण्याला परत गेले. जाताना मला दंडुका देऊन गेले. त्याला अजून सुंठीचा वास येतो. त्यांच्या ईमेल येतात. सोसायटीच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत चाचण्या चालू आहेत, वॉचमनचा विरोध आहे, पण तो हळूहळू या विषयात रस घ्यायला लागलाय.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये मी जत्रेला एकटा गेलो. जायचं नव्हतं, पण काकांनी लिहिलं होतं, माझ्या वतीनं सगळ्यांना भेटून या. भेटलो. सॅलड खाल्लं, दुसऱ्यांदाही घेतलं. भिंतीवरचा एकसष्ट नंबर बघितला आणि एकदम इतकं एकटं वाटलं की निरोप न घेताच निघालो.

गाडीपाशी पोचलो तर मागून अध्यक्ष येताना दिसले. ऐंशीला टेकलेले, चाल मंदावलेली. हातात वर्तमानपत्राचं पुडकं.

"मांजर आता तुमच्याकडे असेल," ते म्हणाले.

"जा," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"बरं आहे ना ते?"

"बरं आहे."

"भूक लागते ना त्याला व्यवस्थित?"

"लागते," मी म्हणालो.

त्यांनी पुडकं माझ्या हातात दिलं, दुर्बीणवाले कुठे आहेत ते एकदा मागे वळून पाहिलं आणि ते परत गेले. मी गाडीत बसून पुडकं उघडलं. आत दोन ट्राउट होते आणि त्यांच्या शेजारी, मांजराच्या घशात अडकू नयेत म्हणून बिया काढलेलं, अर्धं लिंबू.